माती, पाणी आणि देठ : द्राक्षबागेच्या एका हंगामातील तपासण्या

द्राक्षबागेला तीन तपासण्या लागतात: माती, पाणी आणि पानांचे देठ. तिन्हींची वेळ वेगळी, नमुना घेण्याची रीत वेगळी आणि अहवालातली एककंही वेगळी. पहिल्यांदा करणारा शेतकरी इथेच गोंधळतो. मार्च ते नोव्हेंबर २०२४ या काळात तासगाव तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका बागेच्या या सगळ्या तपासण्या आम्ही करून घेतल्या. तेव्हा कागद, रांगा, शुल्क, वाट पाहणं आणि आकडे कसे वाचायचे हे जसं घडलं त्या क्रमानं लिहितो आहे.

बाग सोनाका जातीची, डॉगरिज खुंटावर (मुळाच्या जातीवर) कलम केलेली. जमीन काळी आणि चुनखडीची. पाणी बोअरचं, आवर्तन (पाणी सुटण्याची पाळी) असेल तेव्हा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं. उताराकडच्या ओळींत उन्हाळ्यात पानांच्या कडा करपायच्या आणि काड्या बारीक राहायच्या. पालाश (पोटॅश) भरपूर टाकूनही फरक पडत नव्हता. कारण शोधायचं म्हणून हा खटाटोप.

मातीचा नमुना माल उतरल्यावर आणि खरड छाटणीच्या (नव्या काड्यांसाठीच्या उन्हाळी छाटणीच्या) बेसल डोसच्या, म्हणजे पायाभूत खताच्या, आधी घ्यायचा. खत टाकून दोन-तीन महिने झालेले नसतील तर आकडे खताचे येतात, जमिनीचे नाही. आम्ही १८ मार्चच्या आठवड्यात घेतला. जमीन वापशावर (ना चिखल, ना कोरडी) होती, हे महत्त्वाचं. चिखलात नमुना मिसळला जात नाही आणि कोरड्या भेगाळलेल्या काळ्या रानात वरची माती भेगेतून खालच्या थरात पडते.

ठिबकवरच्या बागेत खड्डा कुठे घ्यायचा हा खरा प्रश्न. तोटीच्या अगदी खाली क्षार धुऊन गेलेले असतात आणि ओलाव्याच्या कडेला साठलेले असतात. बोदावर (झाडांच्या ओळीतल्या उंच वरंब्यावर) नीट पाहिलं की तोटीभोवती काळसर गोल ओल आणि तिच्या काठावर पांढुरकी कड दिसते. एकाच झाडाखालच्या मातीची ईसी (क्षारांचं माप) त्या दोन ठिकाणी फार वेगळी येऊ शकते. म्हणून सगळे खड्डे बोदावरच, तोटीपासून एक फुटाच्या आत सारख्याच अंतरावर घ्यायचे. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात मुळं कमी असतात, तिथली माती घेऊन उपयोग नाही. बांध, झाडाची सावली, शेणखताचा ढीग आणि खतांची पोती ठेवतात ती जागा सोडायची.

एका प्लॉटमध्ये नागमोडी चालत आठ-दहा खड्डे. प्रत्येकातून ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे दोन थर, दोन वेगळ्या बादल्यांत. फळबागेला वरच्या वीतभर मातीचा नमुना पुरत नाही, खालचा थर बघितल्याशिवाय सोडियम आणि चुनखडी कळत नाही. बादली प्लास्टिकची हवी. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीनं जस्ताचा आकडा फुगतो. टिकाव-कुदळीनं खड्डा काढला तरी लोखंड लागलेली बाजू खुरपून टाकायची आणि आतली माती लाकडी काठीनं किंवा प्लास्टिकच्या खुरप्यानं घ्यायची. लोहाचा आकडा वाचवायचा असेल तर एवढं करावंच लागतं.

माती एकत्र करून ढेकळं फोडायची, खडे-मुळ्या काढायच्या, गोल पसरून चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग सावलीत वाळवायची, उन्हात नाही. खताच्या रिकाम्या पोत्यावर पसरू नका. पोत्याच्या शिवणीत राहिलेले युरियाचे चार दाणेसुद्धा नमुना बिघडवतात. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई ओलाव्यानं फुटते. पिशवी दुहेरी, आणि चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये.

करपलेल्या ओळी आणि चांगल्या ओळी यांचे नमुने आम्ही वेगळे ठेवले. सगळ्या तपासणीत सर्वांत जास्त उपयोग याचा झाला, म्हणून ठासून सांगतो: बागेत दोन प्रकारची झाडं दिसत असतील तर मिसळून सरासरी काढू नका. सरासरीत आजार दडतो.

पाण्याचा नमुना त्याच आठवड्यात. बोअर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून मग पाणी घ्यायचं. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळून काठोकाठ भरायची, वर हवा राहू द्यायची नाही. औषधाची बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायची, कारण बाटलीत ठेवलेल्या पाण्यातला बायकार्बोनेट बदलत राहतो. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असताना घेतलेला नमुना सर्वांत वाईट स्थिती दाखवतो. नियोजन त्यावरच करावं. योजनेचं पाणी आलं तेव्हा त्याचीही बाटली वेगळी दिली.

नमुने दोन ठिकाणी दिले. सरकारी प्रयोगशाळेत अर्जावर नाव, गाव, गट नंबर, मोबाईल, क्षेत्र, मागचं पीक, पुढचं पीक, सिंचनाचं साधन आणि नमुना घेतल्याची तारीख भरायची असते. सोबत ७/१२ चा उतारा आणि आधारची प्रत नेली तर खेप वाचते. साध्या मातीचं शुल्क शंभराच्या आत होतं, पावती मिळाली. तिथून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात: पीएच (आम्ल-विम्लता), ईसी, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. या यादीत मुक्त चुनखडी नाही आणि सोडियमही नाही. काळ्या रानातल्या द्राक्षाला नेमक्या याच दोन गोष्टी हव्यात, त्यामुळे त्या वेगळ्या मागाव्या लागतात. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: १९ फेब्रुवारी २०१५ ला ही पत्रिकेची योजना सुरू झाली, तेव्हा बागायत क्षेत्रात अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घेण्याची पद्धत होती. म्हणून घरात जुनी पत्रिका असली तरी ती माती शेजारच्या रानातली असू शकते. बागेचे निर्णय तिच्यावर घेऊ नयेत.

मार्चअखेर आणि त्यामागोमाग लोकसभेची निवडणूक. सांगलीचं मतदान ७ मे २०२४ ला होतं, कर्मचारी त्या कामावर, आणि पत्रिका हातात यायला मे उजाडला. खरड छाटणी तर गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला ठरलेली. म्हणून खाजगी प्रयोगशाळेतही नमुने दिले होते: सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि चुनखडीसह मातीच्या दर थराला ८०० रुपये, पाण्याला ५००. आठवडाभरात अहवाल आला. छाटणीची तारीख डोळ्यांसमोर असेल तर माती किमान महिनाभर आधी द्या, मग स्वस्तातल्या सरकारी अहवालावरही काम भागतं.

आता आकडे. करपलेल्या भागाचा वरचा थर: पीएच ८.३, ईसी ०.६२, सेंद्रिय कर्ब ०.५८ टक्के, मुक्त चुनखडी १४ टक्के, लोह ३.१ पीपीएम (दहा लाखांत किती भाग), जस्त ०.९, तांबे ६. खालच्या थरात पीएच ८.६ आणि सोडियम वरच्यापेक्षा बराच जास्त. तांब्याचा आकडा बघून घाबरायला नको, वर्षानुवर्षांच्या बोर्डोनं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीनं) द्राक्षाच्या रानात तांबं साठतंच. लोहाची मर्यादा ४.५ पीपीएम, त्याखाली कमतरता, जस्ताची ०.६. चुनखडी दहा टक्क्यांच्या वर गेली की लोह आणि स्फुरद दोन्ही अडकून बसतात.

पालाश एका अहवालात २७३ होता आणि दुसऱ्यात ७३४. दोन्ही आकडे बरोबर होते. पहिला पीपीएममध्ये शुद्ध पोटॅशियमचा, दुसरा हेक्टरी किलोमध्ये पोटॅशियम ऑक्साइडचा. पीपीएमला २.२४ नं गुणलं की हेक्टरी किलो येतात, म्हणजे ६१२, त्याला १.२ नं गुणलं की ऑक्साइड, म्हणजे ७३४. स्फुरदाला हाच गुणक २.२९ असतो. अहवालाच्या डोक्यावर एकक आणि पद्धत दोन्ही बघायची सवय लावून घ्या. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद ओल्सेन पद्धतीनं काढलेला हवा. ब्रे पद्धत कोकणातल्यासारख्या आम्ल मातीसाठी आहे, आपल्याकडे ती चुकीचा आकडा देते. आणि दरवर्षी एकाच प्रयोगशाळेत नमुना द्या, नाही तर वर्षावर्षाची तुलना होत नाही. शंका असेल तर एकच माती दोन पिशव्यांत, दोन वेगळे क्रमांक घालून द्यावी. आकडे जवळजवळ आले तर भरवसा ठेवायचा.

६१२ किलो पालाश म्हणजे ‘खूप जास्त’. शिफारशीत पालाश कमी करा असं छापलेलं. या अहवालावर थांबलो असतो तर पालाश बंद केला असता, आणि काड्या आणखी बारीक झाल्या असत्या. मातीचा अहवाल कोठारात किती आहे ते सांगतो. झाडाच्या तोंडी किती गेलं ते देठच सांगतात.

पाण्याच्या अहवालात पहिला धागा सापडला. बोअरची ईसी १.९, आरएससी ३.१. द्राक्षाला पाण्याची ईसी १ च्या आत असली तर उत्पादनाला धक्का लागत नाही. आरएससी म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेटची बेरीज वजा कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज. १.२५ पर्यंत ठीक, २.५ च्या वर पाणी सिंचनाला अयोग्य. जास्त आरएससीच्या पाण्यातला कार्बोनेट जमिनीतला कॅल्शियम चुन्याच्या रूपात बसवून टाकतो आणि मागे सोडियम मोकळा राहतो. योजनेच्या पाण्याची ईसी ०.४ निघाली.

देठ परीक्षण खरड छाटणीनंतर साधारण ४५ व्या दिवशी करतात. काडीवरच्या डोळ्यात (कळीत) सूक्ष्म घडनिर्मिती चालू असते तो हा काळ. काडीच्या बुडापासून पाचवं पान घ्यायचं. सबकेन (शेंडा मारून वाढवलेली उपकाडी) केलेली असेल तरी मोजणी मूळ काडीवर बुडापासूनच. ४५ वा दिवस २५ मे, नेमका चौथा शनिवार. त्याआधी गुरुवारी २३ ला बुद्धपौर्णिमा. देठ ताजेच द्यावे लागतात, प्रयोगशाळा बंद असेल तर ते घरात मरगळतात. म्हणून शुक्रवारी २४ ला सकाळी तोडले. एक-दोन दिवस मागंपुढं चालतं, बंद दाराशी जाणं चालत नाही. कॅलेंडर छाटणीच्याच दिवशी बघून ठेवावं.

नमुना सकाळी, दव ओसरल्यावर. प्लॉटभर फिरून शंभर ते दीडशे पानं, एका झाडाचं एकच. कीड लागलेली, फाटलेली, सावलीत दबलेली पानं सोडायची. पान तोडलं की लगेच पातं खुडून टाकायचं आणि देठ ठेवायचा. पातं लागून राहिलं तर देठातलं पाणी आणि अन्नद्रव्यं ओढत राहतं. देठ कागदी पिशवीत, पिशवीला चार भोकं. प्लास्टिकमध्ये घाम सुटून बुरशी येते. करपलेल्या आणि चांगल्या ओळींच्या पिशव्या वेगळ्या, दर नमुन्याला १,२०० रुपये.

काउंटरवरच्या ताईंनी पैसे घेण्याआधी विचारलं, “दादा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची?” हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःला आधी विचारावा. मॅन्कोझेब या बुरशीनाशकात मंगल आणि जस्त दोन्ही असतात, बोर्डोत तांबं, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीत तर सगळंच. देठावर चिकटलेलं औषध धुऊन पूर्ण जात नाही. तिथे देठ आधी साध्या पाण्यानं, मग साबणाच्या पातळ पाण्यानं, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यात अशा ओळीनं चार ट्रेंमधून काढतात, ६५ ते ७० अंशांवर वाळवून दळतात. तरीही फवारणीनंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात जस्त-मंगलाचे आकडे फुगलेले दिसतात आणि शेतकरी समजतो की सगळं भरपूर आहे. फवारणीच्या आधी नमुना घ्या, आणि शेवटच्या दोन फवारण्यांची नावं अर्जावर लिहा.

चार-पाच दिवसांत अहवाल आला. चांगल्या ओळींत पालाश १.९ टक्के, सोडियम ०.२८. करपलेल्या ओळींत पालाश १.१, सोडियम ०.७१. सोडियम अर्ध्या टक्क्याच्या वर गेला की पानांच्या कडा जळतात. माती दोन्हीकडे पालाशानं भरलेली, पण उताराकडे निचरा कमी, बोअरचे क्षार तिथेच साठलेले. सोडियमनं मुळाशी जागा अडवली आणि पालाश जमिनीतच राहिला. दोन नमुने वेगळे दिले म्हणूनच हे समोरासमोर दिसलं.

उपाय पाण्यापासून सुरू केले. एक भाग बोअर आणि दोन भाग योजनेचं पाणी मिसळलं की ईसी साधारण ०.९ येते, शेततळ्यात तसंच मिसळलं. आवर्तन नसेल त्या काळात पाणी कमी वेळा पण खोल दिलं, रोज थोडं थोडं दिल्यानं क्षार मुळांच्या थरातच फिरतात. पालाश ठिबकमधून, आठवड्याला एकरी ५ किलो ०-०-५० (सल्फेट ऑफ पोटॅश) दोन हप्त्यांत, आणि लिटरला ३ ग्रॅमप्रमाणे फवारणी. म्युरेट ऑफ पोटॅश वापरलं नाही, त्यातला क्लोराइड अशा पाण्यात आणखी त्रास देतो. ०-०-५० आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच टाकीत कधीच टाकू नका, जिप्सम तयार होऊन तोट्या बंद पडतात. नत्र पंधरवडाभर थांबवलं.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) थेट जमिनीत टाकून या चुनखडीत काही मिळत नाही. शेणखतात मुरवून दिली तर थोडी लागू पडते. चिलेट (जमिनीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह) घ्यायचं तर डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं आहे का ते पाहा. ईडीटीएतलं लोह आठच्या पुढच्या पीएचला टिकत नाही, आणि स्वस्त म्हणून दुकानात पुढे तेच केलं जातं. याबद्दल जरा आग्रहानं बोलतो, कारण शेतकऱ्याचे सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात.

पावसाळ्याआधी बोदात एकरी ५० किलो गंधक मिसळलं. चुनखडीच्या जमिनीत गंधकापासून जिवाणू आम्ल करतात, ते चुन्याशी मिळून जिप्सम होतं आणि त्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो. याला ओल आणि काही आठवडे लागतात, आठ दिवसांत फरक शोधू नये. हटलेला सोडियम बाहेर जायला वाट हवी, म्हणून उताराच्या टोकाला आडवा चर काढला. चर नसता तर पावसानं धुतलेले क्षार थंडीत परत वर आले असते. सगळ्या खर्चात हा चर सर्वांत महाग पडला, आणि माझ्या मते सर्वांत गरजेचाही तोच होता.

फळछाटणी (घडांसाठीची दुसरी छाटणी) १० ऑक्टोबरला झाली. दुसरं देठ परीक्षण पूर्ण फुलोऱ्यात असतं आणि या वेळी पान बदलतं: घडासमोरचं पान घ्यायचं, पाचवं नाही. दोन्ही वेळचे निकष वेगळे असल्यानं मे आणि नोव्हेंबरचे आकडे थेट एकमेकांशी लावू नयेत. प्रत्येक अहवाल त्या अवस्थेच्या पट्टीवर वाचायचा, आणि करपलेली ओळ चांगल्या ओळीशी लावून बघायची. फुलोरा २० नोव्हेंबरच्या सुमाराला आला. त्या दिवशी विधानसभेच्या मतदानाची सुट्टी, म्हणून २१ ला सकाळी तोडले. केवडा रोगाच्या हंगामात फवारणीविना दिवस मिळणं अवघड असतं. तोडणी आधी आणि फवारणी दुपारनंतर असं ठरवलं, मागच्या फवारण्या अर्जावर लिहिल्या.

या वेळी उताराच्या ओळींत सोडियम ०.४४ आणि पालाश १.६. चांगल्या ओळींत सोडियम ०.३० आणि पालाश १.८. दोन्ही भागांतलं अंतर कमी झालेलं, पण मिटलेलं नाही. जस्त आणि मंगल दोन्ही जास्त आले. मॅन्कोझेबची नोंद अर्जावर होती, त्यामुळे प्रयोगशाळेनंच शेऱ्यात ‘फवारणीचा अंश संभवतो’ असं लिहून दिलं. मणी सेटिंगनंतरचा (मणी धरल्यानंतरचा) पालाशाचा डोस उताराच्या ओळींना वाढवला, वरच्या ओळींना नेहमीचाच ठेवला. दोन भागांचे व्हॉल्व्ह वेगळे असल्यामुळे हे जमलं. नवीन ठिबक बसवणाऱ्यांनी उतार बघून व्हॉल्व्ह वेगळे करून घ्यावेत.

ज्यांना देठ परीक्षण जवळ मिळत नाही त्यांच्यासाठी: पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र इथे माती, पाणी आणि देठ तपासून मिळतात. लांबून पाठवताना फोन करून नमुना कोणत्या वारी पोहोचलेला चालेल ते विचारा. देठ पातं काढून, कागदी पिशवीत, चोवीस तासांत पोहोचतील असेच पाठवा. उशीर होणारच असेल तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. अहवालांच्या प्रती, खड्ड्यांच्या जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा आणि फवारणीची वही एकाच फायलीत ठेवली आहे. पुढच्या मार्चला माती त्याच ओळींतून, तोटीपासून तेवढ्याच अंतरावरून घ्यायची आहे, आणि खालच्या थराचा सोडियम त्या वेळीही अर्जावर वेगळा मागायचा आहे.